भुवया-पापण्यांचं पहिल्यांदाच काहीतरी करायचंय, पण 'केलंय' असं दिसायला नको (मदत हवी आहे)

भाचीचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय आणि ताईने फर्मान काढलंय की या वेळी फोटोत मी झोपलेली दिसता कामा नये.

मी ४४ वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत काउंटरवर बसते. पार्लरशी संबंध म्हणजे दीड महिन्यातून एकदा दोऱ्याने आयब्रो आणि कधीतरी केस कापणं. मेकअप म्हणजे काजळ, तेही चष्म्यामागे. कॉलेजात असताना कमानीसारख्या बारीक भुवयांची फॅशन होती, तेव्हा दर पंधरा दिवसांनी कोरून घेतल्या. त्याची शिक्षा आता भोगतेय. दोन्ही भुवयांची शेपटं जवळजवळ गायब आहेत. पापण्या लांब आहेत, पण सरळ खाली वळलेल्या, त्यामुळे फोटोत डोळे अर्धे मिटल्यासारखे येतात.

परवा पार्लरमध्ये सहज विचारलं तर तिने ब्रो लॅमिनेशन, ब्रो टिंट, लॅश लिफ्ट, लॅश टिंट, एक्स्टेन्शन, मायक्रोब्लेडिंग असं सगळं एका दमात ऐकवलं आणि 'मॅडम, पॅकेज घ्या, स्वस्त पडेल' म्हणाली. मी हो हो करत बाहेर पडले.

यातलं नेमकं काय करावं म्हणजे काउंटरवर कोणी 'अय्या, काय केलंत?' विचारणार नाही? चष्म्याला पापण्या घासतील का? लग्नाच्या किती दिवस आधी करावं? माझी त्वचा तशी नाजूक नाही. केसांना घरीच काळा रंग लावते, गेल्या दिवाळीत तेवढं कपाळाच्या कडेला खाजलं आणि बारीक पुरळ आलं, पण दोन दिवसांत गेलं.

गुळपोळी_नाशिक:
मी लॅश लिफ्ट दोनदा केलंय, तेवढंच सांगते. पापणीवर सिलिकॉनची बोटभरही नसलेली उशी चिकटवतात, पापणीचे केस त्यावर उलटे बसवतात. पहिल्या लोशनने केस मऊ पडतात, दुसऱ्याने त्या वळणात पक्के होतात. पूर्वी केस कुरळे करायला पर्मिंग करायचे ना, तोच प्रकार, फक्त डोळ्याजवळ. तासभर डोळे मिटून पडायचं. मला चक्क झोप लागली.

उशीचा आकार मात्र आधी विचारा. लहान उशी म्हणजे जास्त वळण, बाहुलीसारखं दिसतं. मोठी घ्या, पापण्या नुसत्या उचलल्यासारख्या वाटतात. चष्मा मलाही आहे. आधी पापण्या काचेला घासायच्या, काच सारखी तेलकट व्हायची. लिफ्टनंतर उलट कमी झालं, कारण त्या पुढे न जाता वर वळल्या. सहा ते आठ आठवडे टिकतं. जुन्या पापण्या गळतात, नव्या सरळच येतात, त्यामुळे एक दिवस अचानक उतरलं असं होत नाही.

एक्स्टेन्शनच्या वाटेला जाऊ नका. एकेका पापणीला गोंदाने नकली केस लावतात. ते लगेच कळतं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरायला जावं लागतं.

पोहे_विना_शेंगदाणे:
आमच्या सौ.नी गेल्या वर्षी हेच केलं. मला चार दिवस कळलं नाही. म्हणजे 'केलंय असं दिसत नाही' याची हमी माझ्याकडून.

धागाकर्ती:
@पोहे, तुम्हाला घरातले पडदे बदललेले कळतात का? तुमची हमी धरत नाही :)

निशिगंधा:
ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर सगळे पुढे गेले, मी तिथेच अडकले. डायने कपाळाच्या कडेला खाज आणि पुरळ, हे नाजूक नसलेल्या त्वचेचं लक्षण नाही. बहुतेक काळ्या हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना होते. 'दोन दिवसांत गेलं' यात काही दिलासा नाही, कारण एकदा शरीराने ते ओळखलं की पुढच्या वेळी जोरात येतं. पापण्या-भुवयांच्या टिंटमध्ये, म्हणजे रंगात, बऱ्याचदा हेच किंवा याचं भावंड असतं, आणि ते लागणार डोळ्याच्या कडेला.

ही काही आजची भीती नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा रंग निघाला होता. त्याने बायकांचे डोळे गेले, एक मृत्यूही झाला. १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा लगाम आला, त्यामागच्या प्रकरणांत हे एक होतं. पापण्या-भुवया कायमच्या रंगवायला तिथल्या एफडीएने (औषधं-प्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यानंतर कित्येक दशकं एकाही रंगाला मंजुरी दिली नव्हती.

लहानपणी किंवा कुणाच्या लग्नात कोनातली 'काळी मेंदी' काढली होती का? साधी मेंदी काळी नसते, तो रंगही बऱ्याचदा पीपीडीचाच असतो. अनेकांची अ‍ॅलर्जी तिथूनच सुरू होते. आणि डब्यावर 'अमोनिया नाही' लिहिलंय म्हणून पीपीडी नाही असं समजू नका.

तुम्ही टिंट पूर्ण वगळा. घरी कानामागे लावून बघण्याच्याही फंदात पडू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. इतर कोणी टिंट करणार असेल तर तोच रंग कानामागे लावून ४८ तास थांबा. दहा मिनिटांत कळत नाही.

धागाकर्ती:
बाप रे. काळी मेंदी काढली होती, नणंदेच्या लग्नात, हातावर फोड आले होते! इतकी वर्षं मी उन्हाला दोष देत होते. आणि पार्लरवालीला टेस्टचं विचारलं होतं, तर म्हणाली, 'गरज नाही मॅडम, हर्बल आहे.'

शांताबाईची_नात:
एवढा खटाटोप कशाला? रोज रात्री बोटाने एरंडेल. आमच्या आजीच्या भुवया पंच्याऐंशीव्या वर्षीही दाट होत्या.

निशिगंधा:
एरंडेलाने केस चमकतात, म्हणून दाट वाटतात. आजीने कधी दोरा लावू दिला नसेल, खरं कारण तेच! आणि पापण्या वाढवणाऱ्या सीरममागेही लागू नका. काहींत काचबिंदूच्या थेंबांच्या जातीचं औषध असतं. पापण्या वाढतात, पण पापणीची कातडी काळवंडते, डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात.

सुईदोरा:
मी स्वतः बारा वर्षं पार्लर चालवते, म्हणून धंद्याच्या विरुद्ध बोलते. लॅमिनेशन म्हणजे असलेले केस मऊ करून हव्या दिशेला बसवणं. नसलेले केस त्यातून उगवत नाहीत. तुमचं शेपूटच नसेल तर आम्ही काय बसवणार? वरून केस सरळ उभे केले तर भुवई दात घासायच्या ब्रशसारखी दिसते आणि काउंटरवर तो प्रश्न नक्की येणार. मायक्रोब्लेडिंगमध्ये सुईने कातडीत रंग भरतात, वर्ष-दोन वर्षं जात नाही. पहिल्याच खेपेला ते नकोच.

आत्तापासून लग्नापर्यंत दोरा बंद. जे येतंय ते येऊ दे, शेवटी फक्त इकडचे-तिकडचे केस चिमट्याने काढा. रेटिनॉलचं (सुरकुत्यांवरचं) क्रीम लावत असाल तर लिफ्टच्या आठवडाभर आधी थांबवा. लिफ्ट लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी. पहिले २४ तास पाणी, वाफ, तेल काही नको, म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी करायचं नाही.

अबोली_सांगली:
शेपूट दोन्हीकडे सारखंच गेलंय का? माझंही तसंच होतं, मीही दोऱ्यालाच दोष देत होते. निघाला थायरॉइड. एकदा टीएसएच करून घ्या, थायरॉइडसाठीची साधी रक्ताची तपासणी आहे.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):
वृत्तांत द्यायला आले. टीएसएच ७ च्या वर, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त आला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एकदा तपासू, मग गोळीचं ठरवू. @अबोली, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. वीस वर्षं बिचाऱ्या दोऱ्याला शिव्या दिल्या, तो निम्माच दोषी निघाला असावा. स्किनच्या डॉक्टरांनी टिंटला साफ नाही सांगितलं आणि डायही बंद करवला.

लॅश लिफ्ट केलं, फक्त तेवढंच, मोठ्या उशीचं, दुसऱ्या पार्लरमध्ये. तिथल्या मुलीने आधी डोळे आले होते का, काही इन्फेक्शन होतं का, हे स्वतःहून विचारलं. पहिल्या लोशनला थोडा उग्र वास येतो, डोळे घट्ट मिटले की चुरचुरत नाही. भुवयांच्या शेपटाला तपकिरी पेन्सिल, तीही नखाएवढी. काळी वापरून बघितली तर मी रागावलेली दिसत होते.

काउंटरवर कोणी काही विचारलं नाही. एक रोजचे आजोबा एवढंच म्हणाले, 'काय मॅडम, रजेवर होतात का? ताज्यातवान्या दिसताय.' आणि ताई फोटो बघून म्हणते, 'मग, पार्लरला कधी जाणार आहेस?'

आता प्रश्न उरला डोक्याचा. डाय बंद, मुळाशी बोटभर पांढरी पट्टी, आणि लग्न तेरा दिवसांवर. पीपीडी नसलेलं काही कोणी वापरलंय का? की सरळ पदर डोक्यावर घेऊ?