मदत हवी आहे: व्हॉइस फळ्यावर जमतो, उताऱ्यात हरवतो

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी नववीला इंग्रजी शिकवते. आमच्या मुलांची पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, वर्ष सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय.

व्हॉइस बदला, म्हणजे अॅक्टिव्ह वाक्याचं पॅसिव्ह करा, म्हटलं की मुलं चुकत नाहीत. कर्म पुढं आणलं, 'वॉज' घातलं, शेवटी 'बाय' लावलं की झालं. पण गेल्या आठवड्यात मीच लिहिलेला छोटा उतारा वाचायला दिला. त्यात एक वाक्य होतं, 'द गेट वॉज लेफ्ट ओपन अँड द काफ रॅन आउट.' विचारलं, गेट कोणी उघडं टाकलं? निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर: वासरानं. वाक्यात जिवंत तेवढं एकच, म्हणून करणारं तेच! 'उताऱ्यात सांगितलेलं नाही' असं एकानंही लिहिलं नाही.

मला वाटतं घोळ आधीपासूनचा आहे. मराठीच्या तासाला 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग शिकवतात, आणि इंग्रजीच्या तासाला आम्ही पॅसिव्हलाही कर्मणीच म्हणतो. एका मुलीनं विचारलं, "टीचर, मग 'राम एट अ मँगो' हे पॅसिव्ह काय?" रास्तच प्रश्न. त्यात घरी ही मुलं 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' असं बोलतात, क्रियापद कन्नडसारखं कर्त्याप्रमाणं बदलतं, कर्माप्रमाणं नाही. ती त्यांच्या घरची भाषा आहे. तिला चूक ठरवून इंग्रजी शिकवणं मला पटत नाही.

तुम्ही हे दोन कर्मणी वेगळे कसे करता? आणि ४० मिनिटांच्या तासात व्याकरण आणि बारकाईनं वाचणं एकत्र कसं बसवता?

प्रतिसाद

मॅडम, मी निपाणीकडं शिकवतो. 'रामाने आंबा खाल्ला' बाजूला ठेवा, 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' इथून सुरुवात करा. मराठी व्याकरणात त्याला नवीन कर्मणी म्हणतात. 'खाल्ला गेला' म्हणजे 'वॉज ईटन', हे मुलांच्या लगेच ध्यानात येतं. मग 'रामाकडून' खोडायला सांगा. 'आंबा खाल्ला गेला' हे वाक्य उभं राहतं, माणूस मात्र गायब. 'रामाने' खोडलं तर 'आंबा खाल्ला' उरतं, पण ऐकणारा मनात कोणीतरी धरतोच.

वाचताना पाच-सहा ओळीच घ्या. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ, शेजारी एक वर्तुळ, वर्तुळात करणारा. उताऱ्यात करणारा नसेल तर वर्तुळ रिकामं. नंतर एवढंच विचारायचं, लिहिणाऱ्यानं इथं माणूस का सांगितला नाही? माझ्या वर्गात सगळ्यात जास्त बोलणं याच प्रश्नावर होतं.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. रिकामं वर्तुळ वाचलं आणि वासराचं कोडं सुटलं. परीक्षेत जागा कोरी सोडायची नाही, काहीतरी लिहा, हे आम्हीच मुलांना सांगत आलोय. सोमवारी तोच उतारा परत घेते, या वेळी कोऱ्या वर्तुळालाही मार्क ठेवून.

आणखी एक. 'अ मॅन' दुसऱ्या ओळीत 'द मॅन' झाला की काही मुलं दोन माणसं मोजतात. आपल्या मराठीत आर्टिकल नाही, कन्नडातही नाही. त्यासाठी कोणी काय करतं?