खालची कवळी सारखी उचलते, कुणी इम्प्लांटवर बसवलीय का?

ए-३०२: नमस्कार. आमच्या सासूबाईंची खालची कवळी बसतच नाही हो. तीन वर्षांत दोनदा नवी केली. वरची घट्ट आहे, खालची बोलतानासुद्धा उचलते. रविवारी तांबडा रस्सा केला, तर मटणाला हात लावला नाही, रस्सा-भात कालवून उठल्या. आता भाच्याच्या लग्नालाही नको म्हणतात. डॉक्टर म्हणाले, खालच्या हाडात दोन इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियमचे छोटे स्क्रू, घालून त्यावर कवळी अडकवू. वय ७१. कुणाच्या घरी केलंय का?

ए-५०१: वहिनी, या वयात हाड कशाला कोरायचं? आमचे आबा शेवटपर्यंत दुधात भाकरी कुस्करून खायचे.

बी-१०४: काका, आमचे बाबाही तेच करायचे. वर्षभरात नुसते वाळले, चारचौघांत तोंड उघडायचे नाहीत. दीड वर्षापूर्वी खाली दोन इम्प्लांट बसवले. सकाळी कवळी ठेवून दाबतात, टक् आवाज येतो, की बसली. भूल तेवढ्या जागेपुरतीच. दोन दिवस सूज होती, बास.

ए-३०२: मग लगेच खायला लागले?

बी-१०४: नाही ताई. हाड धरायला तीन महिने थांबवलं होतं. तोवर जुनीच कवळी, आतून मऊ अस्तर लावून.

सी-२०२: मी दातांची डॉक्टर आहे म्हणून लिहिते. काकूंना आधी एवढं सांगा, चूक त्यांची नाही. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो, थुंकीचा पातळ थर तिला धरून ठेवतो. खालची म्हणजे घोड्याच्या नालेसारखी पट्टी, मध्ये जीभ सारखी ढकलणार. त्यात दात गेल्यावर हिरडीखालचं हाड झिजतं आणि खालच्या जबड्यात ते जास्त झिजतं. म्हणून नुसती नवी कवळी करून भागत नाही. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी हेच मांडलं, की खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी दाखवलं, त्यांचा पहिला रुग्ण १९६५ चा. त्यामुळे हे नवीन खूळ नाही, काका.

ए-५०१: बरं. शुगर असली तर?

सी-२०२: आटोक्यात असेल तर होतं. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करून घ्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधीच सांगा, जबड्याचं हाड भरून यायला त्याने अडचण येऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. आणि ताई, काकू मिश्री लावतात का?

ए-३०२: रोज पहाटे.

सी-२०२: ती सोडावी लागेल. तंबाखूने जखम भरत नाही, पुढे इम्प्लांटही ढिला होतो. यात मी सूट देणार नाही.

बी-१०४: अजून एक. कवळीच्या आतल्या, इम्प्लांटला पकडून ठेवणाऱ्या नायलॉनच्या टोप्या झिजतात. बाबांच्या एकदा बदलल्या, दहा मिनिटांचं काम. पण आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, कवळी ढिली झाल्यावर घाबरलो. खर्च लिहून घेताना टोप्या, स्कॅन, नवी कवळी सगळं धरून घ्या.

सी-२०२: रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि इम्प्लांटभोवतीची हिरडी मऊ ब्रशने रोज साफ करायची. हे काकूंच्या हाताने होतंय का, ते बघा.

ए-३०२: आत्ता विचारलं. मिश्रीचं ऐकून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधी त्यांची कवळी बघून येते." दादा, सहाला आलो तर चालेल?

बी-१०४: या की. बाबा शेंगा भाजून ठेवतो म्हणालेत.