शेफर्ड्स पाय: कोशर आणि तरीही हलका कसा करायचा?

अश्दोदकर:
शुक्रवारच्या रात्री सहा जणांसाठी शेफर्ड्स पाय (खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजतात तो) करायचाय. घर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं, आणि त्यांत मांस नि दुधाचे पदार्थ एकत्र करत नाहीत, त्यामुळे मटणावर लोणी, दूध, चीज काहीच चालत नाही. आतापर्यंत ७०० ग्रॅम चरबीवाला खिमा आणि बटाट्यात १०० ग्रॅम मार्गारिन असं करत आले. चव ठीक, पण खाल्लं की जडच जडच वाटतं, आणि सासऱ्यांना डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितली आहे. बटाटा कमी करून फ्लॉवर घातला तर वरचा थर पाणचट होऊन खिम्यात बसतो. मार्गारिन काढलं तर वरून रंगच येत नाही. वूस्टर सॉसला पर्याय काय? नेमकी प्रमाणं दिलीत तर बरं.

लोदची_सुगरण:
ताई, आधी खिम्याकडे बघा. लोण्याचा प्रश्न कोशरने परस्पर मिटवलाय, पण चरबीचा मोठा वाटा खालच्या थरात बसलाय. शिवाय मार्गारिन म्हणजे काही हलकं लोणी नव्हे, दोन्हींत साधारण ८० टक्के स्निग्धच असतं. आणि पाकिटावर 'पारवे' (ना मांस ना दूध, म्हणून दोन्हींबरोबर चालणारं) लिहिलेलं नसेल तर त्यात दुधाची पावडर किंवा व्हे निघू शकते.

सहा जणांना: टर्कीच्या मांडीचा खिमा ३५० ग्रॅम (छातीचा नको, चोथा होतो), बारीक चिरलेले मशरूम २०० ग्रॅम, आणि अख्खा मसूर ८० ग्रॅम, वेगळा शिजवून पूर्ण निथळलेला. लाल मसूर डाळ घेऊ नका, तिचं वरण होतं. मटणाचीच चव हवी असेल तर टर्की २०० आणि मेंढीच्या खांद्याचा खिमा १५० ग्रॅम.

पसरट पॅन चांगलं तापवून आधी मशरूम कोरडेच परता, तेल नको. त्यांचं पाणी सुटून आटेपर्यंत ७–८ मिनिटं जातात. ही पायरी गाळली की तेच पाणी पुढे ओव्हनमध्ये सुटतं आणि बटाट्याचा थर खाली बसतो, म्हणजे सगळा दोष फ्लॉवरचा नाही. मशरूम काढून १ टेबलस्पून तेलावर खिमा दोन हप्त्यांत परता, एकदम घातला तर तो वाफेवर शिजतो, खरपूस होत नाही. सुटलेली चरबी चमच्याने काढून टाका. मग २ कांदे, २ गाजरं, सेलरीचे २ दांडे, ४ लसूण पाकळ्या, २ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट. पेस्ट विटकरी रंगाची होईपर्यंत परता, कमी चरबीच्या पदार्थात खोल चव इथूनच येते. १ टेबलस्पून मैदा, ३०० मिली स्टॉक, तमालपत्र, थाइम. मशरूम-मसूर परत घालून २० मिनिटं उघडंच शिजवा. चमचा तळावरून ओढला की वाट दोन-तीन सेकंद मोकळी राहिली पाहिजे.

मीठ अगदी शेवटी, चव घेऊन. कोशर मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून तीनदा धुतलेलं असतं, थोडा खारटपणा आत उरतोच. स्टॉकच्या वड्यांमध्येही मीठ असतं, आणि काहींत दुधाचा अंश, तेव्हा घटक वाचा. कांद्या-गाजराच्या सालींचा घरचा स्टॉक सगळ्यात निर्धोक.

वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. मासे आणि मांस एकत्र शिजवत नाहीत, त्यामुळे बाटलीवर कोशर शिक्का असला तरी घटक बघाच. त्याऐवजी २ चमचे चिंचेचा कोळ, २ चमचे सोया सॉस, १ चमचा व्हिनेगर, चिमूटभर गूळ आणि लवंगेची पूड. चिंच मूळ सॉसमध्येही असतेच.

कोकणी_नारळ:
मार्गारिन कशाला हवं? आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, स्वयंपाकात मटणाला नारळाचं दूध पूर्वापार चालत आलंय. बटाट्यात तेच घाला, छान मऊ होतं.

लोदची_सुगरण:
चालेल, पण पहिलं दूध नको. दाट दुधात १०० मिलीला २० ग्रॅमच्या आसपास स्निग्ध असतं, मग हलकं कसलं? दुसरं-तिसरं पातळ दूध ८० मिली घातलं तर हरकत नाही. मात्र नारळाबरोबर थाइम मला पटत नाही. मग आलं, मिरं, कोथिंबीर असा मसालाच बदला, तो पदार्थ वेगळा आणि तोही चांगलाच.

ठाणेकर_भटारखाना:
वरच्या थराबद्दल. बटाटा ७०० ग्रॅम, फ्लॉवर ४०० ग्रॅम. फ्लॉवर याहून वाढवला तर थर उभा राहत नाही.

फ्लॉवर उकडू नका, वाफवा, १०–१२ मिनिटं. मग मिक्सरमधून काढा आणि पंच्यात बांधून चक्क्यासारखा पिळा. निदान अर्धी वाटी पाणी निघेल, तेवढंच तुमच्या खिम्यात उतरत होतं. कोशर घरात आणखी एक काम: फ्लॉवरच्या तुऱ्यांमध्ये बारीक कीड दडते आणि ती पोटात जाऊन चालत नाही. तुरे सुटे करून मिठाच्या गरम पाण्यात जोरात हलवा आणि ते पाणी पांढऱ्या भांड्यात ओतून उजेडात बघा. एवढा खटाटोप नको असेल तर कीडमुक्त म्हणून प्रमाणित फ्रोझन फ्लॉवर आणा. तो पिळायला जास्त लागतो.

बटाटा पिठूळ, जुना घ्या. मोठे तुकडे गार पाण्यात टाकून उकळा, निथळा आणि पातेलं पुन्हा मंद आचेवर दोन मिनिटं ठेवून वाफ जाऊ द्या. कुस्करायचा पावभाजीच्या मॅशरने. मिक्सरमध्ये घातलात तर स्टार्च सुटून खळ होते, आणि खळीला कुठलंच तेल वाचवू शकत नाही. फ्लॉवरला मिक्सर चालतो कारण त्यात स्टार्च फारसा नसतो. दोन्ही एकत्र करून २ टेबलस्पून ऑलिव्ह तेल, ५०–६० मिली गरम स्टॉक, जायफळ, पांढरी मिरपूड. जरा निवलं की १ अंड्याचा बलक फेटून घाला. अंडं आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना बघायचं. रंग आणि पकड दोन्ही बलकच देतो, अंडं पारवे असल्यामुळे मांसाबरोबर अडचण नाही.

३० × २० सेंटिमीटरची ट्रे घ्या. खिमा १५ मिनिटं निवू द्या, गरम खिम्यावर लगदा घसरतो. बटाटा आधी चारही कडांना लावून मग मध्ये या, कडा उघडी राहिली की रस तिथून वर येतो. काट्याने खोल रेघा ओढा, त्यांचे उंचवटेच खरपूस होतात. वरून १ चमचा तेलात पाव चमचा पॅप्रिका कालवून ब्रशने लावा. २०० अंशांवर २५–३० मिनिटं, शेवटची ३ मिनिटं ग्रिल. कापण्याआधी १० मिनिटं थांबा.

अश्दोदकर:
नीट समजलं. शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत) स्वयंपाक करत नाही, त्यामुळे उरलेला शनिवारी दुपारी प्लाटावर (अन्न गरम ठेवायच्या विजेच्या तव्यावर) ठेवला तर कोरडा पडेल का?

लोदची_सुगरण:
पडेल, टर्की असल्यामुळे जरा जास्तच. शनिवारसाठी वेगळी छोटी फॉइलची ट्रे भरा. तिच्या खिम्यात स्टॉक ५० मिली जास्त ठेवा आणि वरचा थर दोन बोटं जाड. शुक्रवारी सूर्यास्ताआधी पूर्ण भाजून, फॉइलने झाकून प्लाटावर ठेवून द्या, सकाळी फ्रिजमधून काढून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. तळाला थेट आच लागू नये म्हणून खाली एक रिकामी ट्रे उलटी घाला. मात्र ठेवण्याआधी एका शुक्रवारी थर्मामीटर खुपसून बघा, आतलं तापमान ६० अंशांच्या खाली जात असेल तर उलटी ट्रे काढा. वरचा कुरकुरीतपणा टिकणार नाही, ते धरूनच चला. आणि जेवणानंतरचा चहा कोरा.