मूलकं पाठ होत नाहीत, सोमवारी पेपर. लवकर सांगा प्लीज

वैतागलेली_आई: मुलाचा सोमवारी विज्ञानाचा पेपर. मूलकं (सल्फेट, नायट्रेट असले प्रभार असलेले गट) आणि त्यांच्या संयुजा (त्या प्रभाराचा आकडा) डोक्यात राहतच नाहीत. सोपी युक्ती सांगा. 'समजून घेऊन कर' हा सल्ला नको, तेवढा वेळ नाहीये.

चहाबाज: कितवी? बोर्ड कुठलं? नेमकं काय चुकतंय?

वैतागलेली_आई: नववी हो. सगळंच चुकतंय.

सातारी_कंदी: 'एट'मध्ये ऑक्सिजन जास्त, 'आइट'मध्ये एक कमी, 'आइड'मध्ये बहुतेकदा नाहीच. सल्फेट एसओ४, सल्फाइट एसओ३, सल्फाइड नुसता एस. तिघांवरही २ ऋण. नायट्रेट एनओ३, नायट्राइट एनओ२, दोघांवर १ ऋण. नायट्राइडवर मात्र ३.

बापू_अण्णा: आणि हायड्रॉक्साइड? त्यात ऑक्सिजन नाही का?

सातारी_कंदी: 'बहुतेकदा' लिहिलंय. वाचा की.

गच्चीवरचा: इंग्रजीत मस्त वाक्य आहे, 'निक द कॅमल एट अ क्लॅम फॉर सपर इन फिनिक्स'. स्पेलिंगमधली व्यंजनं म्हणजे ऑक्सिजन, स्वर म्हणजे ऋण प्रभार. निकमध्ये ३ व्यंजनं, १ स्वर: झालं नायट्रेट. सपर ४ आणि २: सल्फेट. माझ्या मुलीला लगेच जमलं.

चहाबाज: म्हणजे पोरानं आधी फिनिक्सचं स्पेलिंग पाठ करायचं, मग फॉस्फेट?

गच्चीवरचा: सेमी इंग्लिश असेल तो. माध्यम विचारलंय कुणी?

निवळीकाकू: वस्तूंवरून शिकवा. मोरचूद कॉपर सल्फेट, नवसागर अमोनियम क्लोराइड, सोरा पोटॅशियम नायट्रेट. धुण्याच्या सोड्यात कार्बोनेट, २ ऋण, म्हणून सोडियम दोन लागतात. खायच्या सोड्यात बायकार्बोनेट, १ ऋण, तिथे एकच पुरतो. आमच्या वेळी मोबाइल नव्हते, सगळं तोंडपाठ असायचं.

द्राक्षबाग: मोरचुदाचा विषय निघालाच आहे तर. १ टक्का बोर्डोला (बागेवर फवारायचं बुरशीनाशक) १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना. मोरचूद प्लास्टिकच्या बॅरलमध्ये भिजवा, लोखंडी भांडं नको, त्यातलं तांबं लोखंडावर बसतं.

चहाबाज: दादा, पेपर आहे, फवारणी नाही. ताई, त्यानं चुकवलेलं एखादं सूत्र टाका बरं इथं.

वैतागलेली_आई: वही समोरच आहे. ॲल्युमिनियम सल्फेट 'एएलएसओ४', कॅल्शियम हायड्रॉक्साइड 'सीएओएच२'.

चहाबाज: अहो, मग मूलकं येतायत त्याला! प्रभार आणि कंस राहतोय. ॲल्युमिनियम ३ धन, सल्फेट २ ऋण. आकडे तिरपे खाली उतरवायचे: एएल२(एसओ४)३. ६ धन, ६ ऋण, हिशेब फिटला. अख्खं सल्फेट तीनदा येतं म्हणून कंस. तसंच सीए(ओएच)२, कंस नसेल तर तो २ फक्त हायड्रोजनला लागतो. आणि नुसतं 'सल्फेट' म्हणू देऊ नका, 'सल्फेट दोन ऋण', 'अमोनियम एक धन' असं एका दमात म्हणवून घ्या.

सातारी_कंदी: मीही तेच म्हणत होतो.

चहाबाज: कुठे?

वैतागलेली_आई: कंसाचं पटलं त्याला, पाच सूत्रं बरोबर आली. आता विचारतोय, मर्क्युरसची संयुजा १ तर क्लोराइडचं सूत्र एचजी२सीएल२ का?

निवळीकाकू: पाऱ्याचे दोन अणू जोडीनं राहतात, जोडीवर मिळून २ धन. आता झोपू दे त्याला.

द्राक्षबाग: चुना चाळून घ्या, नोझल तुंबतं.