गेटवर दप्तरं तपासून काय होणार? (बडोदेकर पालकांसाठी)

रावपुऱ्याचा बाबा:
ऑगस्ट 2025 मध्ये अहमदाबादला, खोखऱ्यातल्या शाळेच्या बाहेर, दहावीतल्या मुलाला त्याच शाळेतल्या मुलाने भोसकलं. त्यानंतर आमच्या पालकसभेत ठरलं काय, तर दप्तरं तपासा आणि कॅमेरे वाढवा. जून 2018 आठवतंय ना? आपल्याच बडोद्यात नववीतल्या मुलाचा मृतदेह शाळेच्या टॉयलेटमध्ये सापडला, पकडला गेला दहावीतला. टॉयलेटात कॅमेरा लावणार आहात?

अमेरिकेत सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने शाळांमधल्या 37 हल्ल्यांचा अभ्यास केला, 2002 चा अहवाल आहे. दर पाचातल्या चार प्रकरणांत कुणाला तरी आधी कुणकुण होती, बहुधा मित्रांना किंवा भावंडांना. आणि हल्लेखोर मुलाचा ठरावीक साचा काही सापडला नाही. म्हणून म्हणतो, प्राचार्य, काउन्सेलर, एखादी विश्वासातली बाई आणि गरज पडली तर पोलीस, एवढ्यांची समिती हवी. कानावर आलं की त्या मुलाशी बोलायचं, राग कशाचा आहे ते शोधायचं. व्हर्जिनियात 2013 पासून सरकारी शाळांना हे सक्तीचं आहे.

फळा-खडू:
वर्गात साठ मुलं. "मारून टाकीन तुला" हे मधल्या सुट्टीत इतक्यांदा ऐकते की समिती रोज बसवावी लागेल. काउन्सेलरचं म्हणाल तर शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे एक नेमा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. आमच्याकडे ते काम पीटीच्या सरांच्या गळ्यात पडलंय.

रावपुऱ्याचा बाबा:
त्यासाठीच तर निवड करायची, बाई. रागाच्या भरात बोलला, शांत झाला, माफी मागितली, की तिथेच संपलं. ते वर्गशिक्षकच मिटवतील. पण कुणाला, कधी, कशाने हे ठरवून बसलाय, चाकू शोधतोय, तिथे मात्र समिती. असे फार थोडे निघतात.

मांजलपूर 11:
एवढा घोळ कशाला? एलसी हातात द्या आणि मोकळे व्हा. आम्ही दोन छड्यांत सरळ झालो.

फळा-खडू:
आठवीपर्यंत काढता येत नाही, आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कलम 16. छडीला कलम 17 आडवं येतं. आणि काढलेला मुलगा राग घेऊनच जातो, वर त्याच्यावर नजर ठेवायला कुणी उरत नाही. 2018 मध्ये अमेरिकेत पार्कलँडच्या शाळेत गोळ्या घालणारा त्या शाळेचा माजी विद्यार्थीच होता.

वाडीची आई:
पार्कलँडचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. त्या मुलाबद्दल एफबीआयला महिनाभर आधी फोन गेला होता, तो पुढे कुणी पाठवलाच नाही. कुणकुण असून काय उपयोग झाला?

माझी भीती वेगळीच आहे. समितीच्या कागदावर पहिलं नाव कुणाचं येईल? आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेल्या, "त्या वस्तीतल्या" मुलाचं. ट्रस्टींच्या भाच्याचं येणार नाही, लिहून ठेवा. गुरुग्रामला 2017 मध्ये शाळेत लहान मुलाचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी आधी बसच्या कंडक्टरला धरलं, मग सीबीआयने शाळेतल्याच अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. पोलीस चुकतात तिथे चार शिक्षक काय ओळखणार? संध्याकाळपर्यंत नाव पालकांच्या व्हॉट्सॲपवर.

रावपुऱ्याचा बाबा:
म्हणूनच एकट्या माणसाने ठरवायचं नाही. मुलगा कसा दिसतो, कुठून येतो याची नोंदच नको. काय केलं, काय बोलला तेवढं लिहायचं. आईवडिलांना पहिल्या दिवशी बोलवायचं. तो शाळेतच राहील, त्याला कुणी छळत असेल तर आधी ते थांबवायचं. फोन पुढे गेला नाही ही ढिलाई, त्यासाठी पद्धत कशाला मोडीत काढायची?

मांजलपूर 11:
आणि तोवर दप्तरं उघडू नका?

रावपुऱ्याचा बाबा:
उघडा की. पण तेवढ्यावर झोपू नका.

वाडीची आई:
तो कागद कुणाच्या कपाटात राहणार, किती वर्षं, आणि एलसीवर त्याचा शेरा पडणार नाही, हे शाळा लेखी देणार असेल तर पुढच्या पालकसभेत मी हात वर करते. तोंडी नको.