धर्मादाय दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन: इम्प्लांट खरंच योजनेत येत नाही का?

सक्करदरा_४४: वडील घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. धर्मादाय दवाखान्यात भरती आहेत, ऑपरेशन परवा. केशरी कार्ड आहे, तहसीलदारांच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये. काउंटरवर म्हणतात, "इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम भाग) गरीब रुग्णांच्या योजनेत बसत नाही, शिवाय आयपीएफ (निर्धन रुग्ण निधी) संपला." डिपॉझिटही मागताहेत. कायद्याने काय आहे?

कलम४१कक: इम्प्लांट योजनेत येतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली धर्मादाय दवाखान्यांसाठी मंजूर केलेल्या योजनेत औषधं, कन्झ्युमेबल्स (सिरिंज, हातमोजे असं एकदा वापरायचं सामान) आणि इम्प्लांट अशी तिन्ही नावं आहेत. १,८०,००० पर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. दोघांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव. तुम्ही दुर्बल घटकात येता, म्हणजे सगळं मोफत नाही, सवलत आहे.
बिल सर्वात खालच्या वर्गाच्या दराने लागतं. इम्प्लांट आणि औषधं दवाखान्याच्या खरेदी किमतीला धरायची, आणि त्यातले किमान ५० टक्के तुम्ही भरायचे. समजा, छापील किंमत ५५,००० आहे पण दवाखान्याला ते ३०,००० ला पडलं, तर हिशेब ३०,००० वर. इथेच घोळ होतो, बिलात एमआरपी लागते आणि कोणी विचारत नाही. खरेदीचं बिल दाखवा म्हणा.

मेयो_रोड: वरच्यात थोडी भर. काउंटरवाल्याशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि अर्ज ऑपरेशनच्या आधी द्या. डिस्चार्जच्या दिवशी अर्ज केला की 'बिल बनलं, आता काही होत नाही' हे उत्तर ठरलेलं. अर्जाच्या झेरॉक्सवर तारीख, सही, शिक्का घ्या.
तातडीच्या भरतीत डिपॉझिट मागता येत नाही. बाकी आयपीएफ 'संपला' म्हणजे काय, ते लेखी मागा. इतर रुग्णांच्या बिलाचे २ टक्के त्यात जमा होतात आणि दर महिन्याला भर पडते. लेखी मागितलं की बहुतेक वेळा सूर बदलतो. नकार लेखी मिळाला तर तो जोडून नागपूरच्या सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

तहसील_लाइन: कार्डाचं सांभाळा भाऊ. केशरी कार्डाची उत्पन्नमर्यादा १ लाख आहे आणि तुमचा दाखला २,४०,००० चा. दोन्ही एकत्र लावले तर तपासणारा तिथेच अडवेल. कार्ड दाखवून निर्धनमध्ये बसा, असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. चालू वर्षाचा दाखलाच पुढे करा. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, ते आजच बघा.

कलम४१कक: अजून एक. तो दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे आरोग्यमित्राला (त्या योजनेचा दवाखान्यातला मदतनीस) आजच विचारा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. टोल फ्री १५५३८८. तिथे पॅकेज मंजूर झालं तर ५० टक्क्यांचा प्रश्नच उरत नाही. पण मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, म्हणून हा फोन आधी, समाजसेवक नंतर.