सांगलीत चढ कुठून आणू? जानेवारीत गगनबावडा आणि फोंडाघाट सायकलने करायचाय

हरिपूरची

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं नुसती वाचते. आज लिहायला बसलेय, तेही गरज पडली म्हणून.

मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे, दवाखान्यांच्या गल्लीत. जत, विजापूर, बेळगाव, पार कोकणातून पेशंट येतात. पेशंटची वॉर्डात सोय होते, सोबतची माणसं मात्र आठ-आठ दिवस वडापाववर काढतात. आम्ही काहीजणी तीन वर्षं त्यांच्यासाठी रात्रीचे डबे करतो, रोज ४०. आता खर्च झेपेना झालाय. आमच्यातल्या एका पोरीने तोडगा काढला: सात जणांनी तीन दिवस सायकल चालवायची आणि ओळखीपाळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे पैसे द्यायचे. मी आधी "हो" म्हटलं आणि रस्ता नंतर बघितला.

पहिला दिवस सांगली, कोल्हापूर, गगनबावडा, साधारण १०५ किमी. दुसऱ्या दिवशी घाट उतरून वैभववाडी, तळेरे, नांदगाव, फोंडा आणि फोंडाघाट चढून दाजीपूरवरून राधानगरी, सुमारे ९०. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरमार्गे घरी, परत १०५ च्या आसपास.

माझं वय ४९, वजन ७४. दोन वर्षांपूर्वी भाच्याची वापरलेली हायब्रिड (रेसिंग आणि डोंगरी सायकलीच्या मधली) घेतली, गिअरच्या पुढे तीन चकत्या, मागे आठ. रोज हरिपूरला संगमापर्यंत जाऊन येते. महिन्यातून एकदा नरसोबाच्या वाडीला, म्हणजे जाऊन-येऊन ४० किमी (येताना बासुंदी, ते सोडा). कोल्हापूर एकदाच गाठलंय, तेही परत येताना सायकल टेम्पोत.

अडचण अशी की सांगली म्हणजे पोळपाट. चढ म्हणावा असा एक रेल्वेचा उड्डाणपूल. गेल्या रविवारी तो चौदा वेळा चढले-उतरले. खालच्या चहावाल्याने शेवटी विचारलंच, "ताई, काही हरवलंय का?"

तर, इथे राहून घाटाची तयारी कशी करू? दुसरं, वाडीहून आल्यावर उजवा गुडघा पुढून, वाटीच्या खाली दुखतो. आणि तिसरं जरा लाजत विचारते: चढावर उतरून सायकल ढकलली तर चालतं का? आमच्याकडे एक होलसेलवाले येतात, तोंडाचे फटकळ. म्हणाले, "मॅडम, किलोमीटरला ५० रुपये माझे, पण ढकललेले किलोमीटर वजा." सगळे हसले, मीही हसले. रात्री हिशेब केला. फोंडाघाट बारा-एक किमी धरला तर ६०० रुपये जातात. प्रश्न ६०० रुपयांचा नाही, त्या माणसाचं तोंड बघायचंय मला.

वाघबीळ

ताई, चौदा फेऱ्यांना आमचा मुजरा. पण पुलाने घाट येत नाही. पूल दोन मिनिटांत संपतो आणि पलीकडे उतार मिळतो. घाटात तो उतार दीड तासाने येतो.

सपाटीवरच्या माणसाला एक खोड असते, स्वतःला कळतसुद्धा नाही. चार पॅडल मारायची, मग पाय थांबवून सायकल तशीच पळू द्यायची, परत चार पॅडल. चढावर पाय थांबला की सायकलही थांबते. घाटात लोक ताकद कमी पडून उतरत नाहीत, या सवयीने उतरतात. म्हणून उद्यापासून एक करा. हरिपूरच्या रस्त्याला घड्याळ लावून दहा मिनिटं पाय एकदाही थांबवायचा नाही. उतार आला तरी पॅडल फिरतंच ठेवायचं. आठवड्याने पंधरा मिनिटं, मग वीस. ऐकायला पोरखेळ वाटतो, करून बघा.

वारा हा तुमचा घाट. मिरजेहून पंढरपूर रस्त्याला समोरून वारा असेल तो दिवस मुद्दाम निवडा. बसूनच चालवायचं, उभं राहायचं नाही. भोसेपर्यंत गेलात तर दंडोबाचा डोंगर आहेच की! तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचा खरा चढ तोच. डिसेंबरात दोन-तीन रविवार आमच्याकडे, कोल्हापूरच्या बाजूला या. एकदा जोतिबा, एकदा पन्हाळा. सायकल टेम्पोत घालून आणलीत तरी कोणी हसणार नाही.

आता गिअर. पुढची सगळ्यात लहान चकती तुम्ही कधी वापरली का? बहुतेक नसणार. तुमच्यासारख्या सायकलीला पुढे ४८-३८-२८ आणि मागे मोठ्यात मोठी ३२ दात्यांची असते, मोजून बघा. २८ ला ३२ लावलं की पॅडलच्या एका फेरीत सायकल दोन मीटरसुद्धा जात नाही. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग तासाला ७ किमीच्या आत. शेजारून गुरं पुढे निघून जातील, जाऊ द्यात. मधल्या चकतीवर त्याच ६० फेऱ्यांना नऊ-सव्वानऊचा वेग निघतो, म्हणजे तेवढा जोर जास्त. घाटाच्या पहिल्या किलोमीटरला मधली चकती सोपी वाटते आणि पाचव्याला तीच गुडघे खाते. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच दमाने चढायचं.

शनिवारी ५० आणि लगेच रविवारी ४० करा. एका दिवसात ९० मारून सोमवारी झोपून राहण्यापेक्षा ते बरं. दुखऱ्या बुडाने दुसऱ्या दिवशी सीटवर बसता येतं का, तुमची खरी परीक्षा तिथे आहे.

आणि जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, रस्त्यावर पाचट. त्यावर ब्रेक दाबला की सायकल सरकलीच समजा. चढावर पोरं ट्रॉलीला धरून जातात. तुमचा होलसेलवाला ते किलोमीटर धरेल की नाही माहीत नाही, पण तसलं काही करू नका.

सांधेवाला

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला असतो. गुडघा न बघता सांगतोय, तेवढं धरून चाला.

वाटीच्या आसपास पुढून दुखणं आणि सायकल म्हटलं की मी आधी सीटची उंची बघतो. घाबरणारी माणसं सीट खाली ठेवतात, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग प्रत्येक फेरीला गुडघा जास्त दुमडतो आणि त्या दुमडलेल्या गुडघ्यानेच जोर लावावा लागतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. सीट एकदम वर घेऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा सेंटिमीटर पुरे. कंबर डावी-उजवीकडे हलायला लागली तर जास्त झाली.

वाघबीळ म्हणतात ते लहान चकतीचं गुडघ्यासाठीही बरोबर आहे. मात्र "वाऱ्यात बसून जोर" हा प्रकार दुखणं थांबेपर्यंत नको. घरी खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठणं-बसणं, दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. सूज आली किंवा जिना उतरताना दुखायला लागलं तर इथे विचारत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या गल्लीत ते शेजारीच असतील.

फोंडेकर

माझं घर फोंड्यातच, म्हणून लिहितोय. सगळे चढाबद्दल बोलतायत, उन्हाबद्दल कोणीच नाही.

तुमचा दुसरा दिवस कागदावर ९० चा असला तरी तोच सगळ्यात अवघड. सकाळी बावड्याला स्वेटर घालून निघाल, तासाभरात खाली वैभववाडीला घाम. तिथून तळेरे, नांदगाव, फोंडा हा रस्ता नकाशात सपाट दिसतो. तो सपाट नाही. कोकणात सपाट काही नसतं. सारखं खाली-वर, खाली-वर, प्रत्येक ओहोळाला एक उतार आणि एक चढ. त्यात पाय संपतात आणि मग भर दुपारी समोर घाट. जानेवारीतसुद्धा आमच्याकडे दुपारी अंग चिकचिकतं, घाम वाळत नाही. म्हणून उजाडताच निघा आणि दहा-साडेदहाला फोंड्यात असा. तिथे पेज, सोलकढी, काय मिळेल ते घ्या, पोटभर जेवू नका. सगळ्या बाटल्या भरा. घाटात दुकान लागेल या भरवशावर राहू नका. ओआरएसचं तुम्हाला मी काय सांगणार!

जमलंच नाही दहापर्यंत, तर तीन वाजेपर्यंत सावलीत पडून राहायचं हा मार्ग दिसायला शहाणपणाचा, पण मग वर पोचता पोचता काळोख होतो. दाजीपूरचं रान म्हणजे गव्यांचं रान. संध्याकाळी ते रस्त्यावर येतात आणि काळा गवा काळ्या डांबरावर दिव्याशिवाय दिसत नाही.

गगनबावड्याहून उतरायला करूळ घाट घ्यायचा की भुईबावडा घाट, ते निघायच्या आठवड्यात विचारून ठरवा. दरड नाहीतर रस्त्याचं काम, यातला एखादा बंद असणं आम्हाला नवीन नाही. वळणाच्या आधी ब्रेक मारा, वळणात नको. सारखा दाबून धरलात तर रिम तापते. मागचा-पुढचा आलटून पालटून, दाबा-सोडा. मध्ये दोनदा थांबून बोटं मोकळी करा. पहिल्यांदा घाट उतरणाऱ्याचे पायांआधी हातच दुखतात.

हिशेबनीस

ढकललेले किलोमीटर धरायचे. सायकल बरोबर आहे, माणूस बरोबर आहे, रस्ता तोच आहे. उलट ढकलायला जास्त कष्ट पडतात, तेव्हा ७५ चा दर मागा. बाकी चर्चा वाचतोय, मला घराच्या जिन्यालाही दम लागतो.

वाघबीळ

@हिशेबनीस, पटलं नाही. पण उतरून पाच मिनिटं उभं राहणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. थांबा, पाणी प्या, रस्त्याला जरा आडव्या रोखाने परत चढून बसा. मीही थांबतो. पाटीचा फोटो काढतोय असं दाखवतो.

हरिपूरची

सहा आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहिणार होते ते राहिलं.

दाते मोजले, पुढे २८ आणि मागे ३२ च निघाले. दोन वर्षांत ती लहान चकती मी एकदाही वापरली नव्हती. भाच्याने सांगितलं होतं, "मावशी, त्याने चेन उतरते." सीट तीन हप्त्यांत मिळून दीड सेंटिमीटर वर गेली. गुडघा वाडीच्या फेरीनंतर आता बोलत नाही, थंडीत सकाळी थोडा कुरकुरतो. पाय न थांबवण्याचा प्रयोग पहिल्या दिवशी चार मिनिटांत फसला. समोर कुत्रं आलं हे निमित्त. काल पंचवीस मिनिटं झाली.

गेल्या शनिवारी जोतिबा केला. रविवारची गर्दी नको म्हणून शनिवार. चढ सुरू झाला, जोर लावलेला असतानाच मी लहान चकती टाकली आणि चेन उतरलीच! भाचा खरा ठरला. रस्त्याकडेला बसून दातऱ्यांवर चढवली. नारळ विकणाऱ्या एका आजींनी चिंधी दिली आणि वर सुनावलं, "चढ लागायच्या आधी बदलावा की गं गिअर." त्यांना कसं ठाऊक, विचारायचं राहून गेलं. त्यानंतर दोनदा थांबले, ढकलली एकदाही नाही. वर देवळात हाताला काळं ग्रीस आणि त्यावर गुलाल, घरी दोन दिवस निघाला नाही. उतरताना मात्र फोंडेकरांची आठवण आली. खाली पोचले तर उजव्या हाताची मूठ उघडेना.

होलसेलवाल्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "जोतिबा आपल्या करारात नाही."

आता एक अडचण. आम्हा सात जणांच्या सायकली तपासल्या तर हवेचे व्हॉल्व्ह तीन तऱ्हेचे. माझा मोटारसायकलसारखा जाड, दोघांचे परदेशी रेसिंग सायकलीचे बारीक, आणि एका काकांच्या जुन्या काळ्या सायकलीला तो व्हॉल-ट्यूबवाला, म्हणजे आत रबराची बारीक नळी असते तो. पंप एकच न्यायचा तर कोणता?

वाघबीळ

जाड व्हॉल्व्हला चालेल असा पंप घ्या. बारीकवर पेचाने बसणारी छोटी पितळी टोपी मिळते, ती दोन घ्या, एक हरवतेच. काकांसाठी व्हॉल-ट्यूबचे चार जादा तुकडे डबीत ठेवा. पण काका त्या काळ्या सायकलीवर फोंडाघाट चढणार आहेत का?

हरिपूरची

म्हणतात तसं. वय ६३.

वाघबीळ

मग त्यांनाच इथे लिहायला सांगा.